दाराआडचं पाठांतर

(जळगाव. एक जैन घर. उन्हं कलायला लागली आहेत. ओसरीवर झुंबरलाल बसले आहेत. आतल्या खोलीच्या दाराआड, पदर पुढे ओढून, त्यांची सून कुसुमलता. दोघांच्या मधे, उंबऱ्याशी, झुंबरलालांच्या पत्नी राजकुंवर मूग निवडत आहेत.)

झुंबरलाल : …दोन, चार, एक, पाच, तीन. विचार तिला.

राजकुंवर : तिला ऐकू गेलंय. मधे भिंत आहे का? नुसतं दार आहे, आणि तेही उघडं.

झुंबरलाल : तरी विचार, महावीरची आई. सासऱ्यानं सुनेशी सरळ बोलायचं नाही, अशी रीत आहे.

राजकुंवर : तुमची रीत आणि माझं टपालखातं. कुसुम, दोन, चार, एक, पाच, तीन.

कुसुमलता : काकाजींना सांगा बाईजी, दोन म्हणजे मशीनच्या कार्डावरचं सातवं घर. ओळ पुढे चालू असली की तिथे खूण करायची. चार म्हणजे बारा ते बहात्तर, तिथे वाक्यं लिहायची. एक म्हणजे पहिली सहा घरं, ओळीचा क्रमांक. पाच म्हणजे त्र्याहत्तर ते ऐंशी, कार्ड कुठल्या गठ्ठ्यातलं ते नाव. आणि तीन म्हणजे आठ ते अकरा. मथळे तिथून सुरू होतात.

राजकुंवर : ऐकलंत? का मी परत म्हणू सगळं?

झुंबरलाल : ऐकलं. बरोबर आहे. पण 'तीन'ला जरा वेळ लागला.

राजकुंवर : लागला तर लागला. मला एक सांगा, ही आनुपूर्वी नवकार मंत्राची. पाच पदं आकड्यांनी उलटसुलट म्हणायची, मन ठिकाणावर राहावं म्हणून. त्याच्यावर तुम्ही मुंबईचं ते कॉम्प्युटरचं मशीन फिरवताय. स्थानकात प्रवचन देणाऱ्या महाराजसाहेबांना कळलं तर काय म्हणतील?

झुंबरलाल : मी नवकार कुठे घेतला? युक्ती तेवढी उसनी घेतली. अगं, पाठशाळेत मी पोरांना प्रतिक्रमण शिकवलं ते कसं? सरळ म्हणणारं पोर म्हणजे पोपट. पहिलं पद दिलं की गाडी उताराला लागते, शेवटपर्यंत धावते, आणि मन तिकडे चिंचा पाडत असतं. मधलंच पद विचारलं आणि पटकन सांगितलं, तर समजायचं, ह्याला येतं. नोकरीच्या परीक्षेत तिला पहिल्यापासून म्हण असं कोणी सांगणार नाही. मधूनच विचारतील.

राजकुंवर : बघितलंय का तुम्ही तरी ते मशीन?

झुंबरलाल : मी नाही, तिनंही नाही. मुंबईच्या त्या गिरणीच्या ऑफिसवाल्यांनी लिहिलंय ना, मशीन मागाहून दाखवू, आधी पुस्तक पाठ करून या. तीनशे अर्जांतून हिचा अर्ज काढला त्यांनी. उगाच नाही. बी.एस्सी.ला गणितात धुळ्यात पहिली आलेली आहे.

राजकुंवर : ते मला सांगू नका. लग्नात तिच्या वडिलांनी, कांतीलालजींनी, दहादा ऐकवलंय.

झुंबरलाल : बरं, चार खंड विचार. सरळ. त्या मशीनच्या भाषेचे, कोबोलचे चार खंड, क्रमानं.

राजकुंवर : कुसुम, चार खंड.

कुसुमलता : आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, प्रोसीजर… नाही. डेटा. आणि मग प्रोसीजर.

झुंबरलाल : हे काय?

राजकुंवर : अडखळली. माणूस आहे.

झुंबरलाल : परवा झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं तिनं. तिला सांग, हे चुकलं तर सगळं चुकलं. क्रम मोडला की मशीन कार्डंच घेत नाही. हे तिनंच मला शिकवलंय.

राजकुंवर : सकाळपासून तिचे हात पिठात आहेत. पाच शेर पापड लाटलेत. त्यात उन्हाळा कसा तापलाय. डोक्यात काय राहणार?

झुंबरलाल : पापड मी सांगितले होते का लाटायला? मी म्हटलं होतं, सोमवारची परीक्षा होईपर्यंत तिला काही सांगू नकोस.

राजकुंवर : मी नाही सांगितलं. तीच बसली.

कुसुमलता : बाईजी, काकाजींना सांगा, मीच बसले. हात कामात असले की म्हणायला बरं जातं.

झुंबरलाल : ते ठीक आहे. मग भांडी विचार.

राजकुंवर : हां, भांडी विचारा. भांड्यांतलं मला कळतं. मीच सांगते आधी. एक नंबर म्हणजे मोठा गंज. त्याच्या पोटात पाच नंबरची पातेली. पातेल्याच्या पोटात दहा नंबरच्या वाट्या. आकडा वाढला की भांडं लहान. बरोबर?

झुंबरलाल : वा. तूच बस परीक्षेला.

राजकुंवर : चेष्टा करू नका. इतके दिवस कानावर पडतंय. मला तर आवडलं बाई हे. बिल असं म्हटलं की गंज, त्यात गिऱ्हाइकाचं नाव हे एक पातेलं, पत्ता हे एक पातेलं, आणि पत्त्याच्या पोटात गाव आणि पेठ ह्या वाट्या. कुसुमनं पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं तेव्हा रडकुंडीला आली होती. नुसते आकडे आणि नुसत्या ओळी, डोक्यात बसेनात.

झुंबरलाल : म्हणून तर तुला म्हटलं, तिला आपल्या भांड्यांच्या दुकानात घेऊन ये. गंजात पातेलं, पातेल्यात पातेलं, असे संच रचलेले दिसले, आणि बसलं सगळं डोक्यात. बरं, तिला विचार, सत्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी.

राजकुंवर : सांग गं.

कुसुमलता : सत्याहत्तर म्हणजे… ते भांडं नव्हे. भांड्यावरची चिठ्ठी. आत अमुक असलं तर त्याला तमुक म्हणायचं, असं. आणि अठ्ठ्याऐंशी म्हणजे सुटं भांडं. ते कशात बसत नाही, त्याच्यातही काही बसत नाही.

झुंबरलाल : उलटं.

राजकुंवर : उलटं का? मला तर बरोबर वाटलं.

झुंबरलाल : तुला बरोबर वाटेल. सत्याहत्तर सुटं भांडं, अठ्ठ्याऐंशी चिठ्ठी. हे मलासुद्धा पाठ आहे, महावीरची आई, आणि मी चौथी शिकलोय. ह्या मुलीला झालंय काय? शनिवारी तिचा भाऊ रूपचंद येईल धुळ्याहून तिला न्यायला. सोमवारी मुंबईत पेपर. आणि जे येत होतं तेही चाललंय.

राजकुंवर : नाही आलं तर नाही आलं. घरी राहील. घर काय तिला टोचतंय?

झुंबरलाल : असं म्हणतेस? आणि मग गूळ कशाला सोडलास? ती पास व्हावी म्हणूनच ना?

राजकुंवर : सोडला. माझा गूळ, मी सोडला.

झुंबरलाल : खरं म्हणजे असा नियम संसारातल्या गोष्टीसाठी धरू नये. पण तू धरलास, मला बरं वाटलं. स्थानकात मी दोघाचौघांना सांगितलं, सासू असावी तर अशी.

राजकुंवर : कशाला सांगत फिरता?

झुंबरलाल : का? लोक मला बोलतात ते मी ऐकून घेतो, मग हे का सांगू नये? म्हणतात, झुंबरलालजी, तरणी सून, मुलगा जाऊन दोन वर्षं नाही झाली, आणि तुम्ही तिला मुंबईला मशीनवर पाठवताय. जीवराम तर म्हणाला, घरात खायला कमी पडलं का?

राजकुंवर : मग काय म्हणालात?

झुंबरलाल : म्हटलं, खायला आहे. म्हणूनच पाठवतोय, उपाशी असतो तर अडवून धरली असती. जाऊ दे तो जीवराम. आता आपण वाटीचा खेळ करू. ठेव तिच्यापुढे वाटी आणि चमचा.

राजकुंवर : परत वाटी? पहिल्या आठवड्यात एवढी वाजवली की गल्लीतली पोरं कुल्फीवाला आला म्हणून धावत आली.

झुंबरलाल : सुनेनं सासऱ्याला 'चुकलात' म्हणायचं नाही. पण वाटीनं म्हणायला कोणाची हरकत नाही. मी भराभर म्हणत जातो. मुद्दाम मधेच चुकतो. चूक पकडायची आणि चमचा वाजवायचा. दुसऱ्याची चूक पकडताना आपलं पक्कं होतं, हे मी पाठशाळेत शंभरदा बघितलंय. काय, ठेवली वाटी?

राजकुंवर : ठेवली. दुकानातली नवी आणली होतीत तीच.

झुंबरलाल : म्हणतो हां. पिक्चर म्हणजे भांड्यात काय मावेल त्याचा नमुना. त्यात नऊ लिहिलं की तिथे आकडा. एक्स लिहिलं की काहीही चालतं, आकडा, अक्षर, खूण. ए लिहिलं की फक्त आकडा…

राजकुंवर : वाजली.

झुंबरलाल : फक्त अक्षर. शाबास. व्ही लिहिला की तिथे दशांशाचा बिंदू. तो कार्डावर भोक पाडून दाखवायचा नाही, आहे असं धरून चालायचं. वाक्य संपलं की टिंब द्यायचं. अ‍ॅड म्हणजे मिळवणं. सबट्रॅक्ट म्हणजे गुणणं…

राजकुंवर : वाजली. हे तर मलाही कळलं असतं.

झुंबरलाल : वजा करणं. परफॉर्म म्हणजे दुसरीकडे जायचं, तिथलं काम उरकायचं, आणि परत जागेवर यायचं. गो टू म्हणजे जायचं, आणि काम झालं की परत…

राजकुंवर : वाजली.

झुंबरलाल : गो टू म्हणजे जायचं. परत यायचं नाही. बरोबर. मथळा बाराव्या घरापासून…

राजकुंवर : वाजली. तुम्ही तोंड उघडायच्या आत वाजवतेय ती. सुटलीय आता.

झुंबरलाल : आठव्या घरापासून. वाक्य बाराव्या घरापासून. रीड म्हणजे वाचणं, राइट म्हणजे लिहिणं. मूव्ह म्हणजे एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात घालणं. मूव्ह केलं की पहिलं भांडं रिकामं…

राजकुंवर : वाजली.

झुंबरलाल : हो. ऐकली.

राजकुंवर : मग म्हणा की पुढचं.

झुंबरलाल : महावीरची आई, काल संध्याकाळी मी हेच विचारलं होतं. मूव्ह केल्यावर पहिल्या भांड्यात काय राहतं? ती काय म्हणाली होती?

राजकुंवर : मला काय आठवतं? मी भाजी चिरत होते.

झुंबरलाल : तुला आठवतं. ती म्हणाली, रिकामं होतं. मी म्हटलं, नाही, पहिल्यातलं पहिल्यात राहतं आणि दुसऱ्यातही येतं. तरी ती दोनदा रिकामंच म्हणाली. मी मुद्दाम आज तिचंच उत्तर मधे घातलं. तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत चमचा वाजला.

राजकुंवर : रात्रीतून आठवलं असेल.

झुंबरलाल : आणि आठव्या घराचं? आणि गो टूचं? एकही सुटली नाही तिच्या हातून. वाजवताना सगळं येतं, सांगताना येत नाही, हे कसं? जरा मधे बोलू नकोस.

राजकुंवर : उठू का?

झुंबरलाल : उठू नकोस. बस तू. फक्त हे तुझ्यामार्फत नको. कुसुम.

राजकुंवर : अहो.

झुंबरलाल : कुसुम, मी तुला विचारतोय. तू मुद्दाम चुकतेस का?

कुसुमलता : बाईजी, काकाजींना सांगा…

झुंबरलाल : मला सांग. मी इथेच बसलोय.

कुसुमलता : हो, काकाजी.

झुंबरलाल : तुझा आवाज इतका बारीक नाही की. मला आपलं वाटायचं, बारीक आहे.

कुसुमलता : मला सगळं पाठ आहे. पहिल्या पंधरा दिवसांतच झालं. उदाहरणातले आकडेसुद्धा. झोपताना म्हणते, उठले की म्हणते. पण रूपचंददादा शनिवारी घ्यायला येतो असं पत्र आलं, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलं, नापास झाले तर बरं. तिथे जाऊन मुद्दाम चुकायचं, तर आधी सवय करायला हवी. तुमच्यासमोर चुकता आलं, तर कुठेही चुकता येईल असं वाटलं.

झुंबरलाल : आणि हे असं मला फसवून?

कुसुमलता : तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती. तुम्ही माझ्यासाठी लोकांचं ऐकून घेता. ह्या वयात माझ्यासाठी इंग्रजी शब्द पाठ करता. मी जात नाही असं कुठल्या तोंडानं म्हणू?

झुंबरलाल : का जायचं नाही?

कुसुमलता : तुम्ही दोघंच राहाल. बाईजींना आता सुईत दोरा ओवता येत नाही. तुम्हाला दुपारी ताक लागतं, ते…

झुंबरलाल : दोरा शेजारची भिकुबाई ओवून देईल. ताक मी मागून घेईन. खरं सांग, पोरी.

कुसुमलता : खरं सांगू? इथून गेले की मी ह्यांची कोण राहीन? धुळ्याला मी कांतीलालजींची मुलगी आहे. मुंबईत नोकरीवाली कोणीतरी होईन. ह्या घरात तेवढी मी ह्यांची आहे. तुम्ही बाईजींना हाक मारता ना, 'महावीरची आई' म्हणून. दिवसभरात कितीदा मारता, तुमच्या लक्षातही येत नसेल. मी आत असते. पोळ्या करत असते, कपडे घड्या करत असते, आणि ऐकते. ह्यांचं नाव मी घेत नाही, घ्यायची रीत नाही. पण ऐकू तरी येतं. बाहेर कुठे गेले तर कोण घेईल हे नाव माझ्यासमोर?

झुंबरलाल : महावीरची आई, जरा पाणी दे.

राजकुंवर : घ्या. उपरण्यानं डोळे पुसू नका, अंगावरचं आहे ते.

झुंबरलाल : कळतं मला काय आहे ते. कुसुम, त्या पुस्तकात मूव्हचं लिहिलंय ते खरं आहे ना? पहिल्या जागेवरचं तिथेच राहतं?

कुसुमलता : ते मशीनमध्ये, काकाजी. तिथे नक्कल निघते. माणसाची नाही निघत. मी गेले की माझी जागा रिकामी होणार.

झुंबरलाल : होणार. मी नाही कुठे म्हणतोय? मला खोटी समजूत घालता येत नाही. तू गेलीस की हे घर सुनं होणार. मी मनात ठरवून ठेवलंय, दुकान जरा उशिरा बंद करत जाईन.

राजकुंवर : आणि मी इथे भिंतींकडे बघत बसेन?

झुंबरलाल : तूही ये दुकानात. कुसुम, ऐक. माझी साठी झाली. माझ्यामागे दुकान पुतण्यांचं होईल. पोरं चांगली आहेत, तुला कोणी उपाशी ठेवणार नाही. पण त्यांच्या घरात तू एक काकी असशील. लग्नकार्यात पापड लाटायला बोलावतील, आणि हळदीकुंकवाच्या वेळी आत जा म्हणतील. तुझ्या हुशारीचं कोणाला काही नसेल. हे मला मरताना डोळ्यांपुढे नको. ह्या घरात तू परीक्षा देऊन आली नव्हतीस. मग नापास होऊन इथे राहायची खटपट कशाला? घर तुझंच आहे. पास हो, नापास हो.

राजकुंवर : तिलाच बोलताय. मला कोण बोलणार?

झुंबरलाल : तू काय केलंस?

राजकुंवर : मला ठाऊक होतं.

झुंबरलाल : काय ठाऊक होतं?

राजकुंवर : ही मुद्दाम चुकते ते. सकाळी चुलीपुढे बसते तेव्हा बठ्ठं सगळं बरोबर म्हणते, पोळी लाटता लाटता. सत्याहत्तर सुटं भांडं, अठ्ठ्याऐंशी चिठ्ठी. आणि संध्याकाळी तुमच्यापुढे उलटं. मी मधे बसते, मला दोन्ही ऐकू येतं. मघाशी बरोबर वाटलं म्हणाले, ते खोटं म्हणाले. तुम्हाला बोलले नाही, तिलाही बोलले नाही.

झुंबरलाल : का नाही बोललीस?

राजकुंवर : कारण मला ती जायला नको होती. गूळ मी कशासाठी सोडलाय ते कोणी विचारलं का मला? तुम्ही आपलं ठरवून टाकलंत. तिनं जाऊ नये म्हणून सोडलाय.

कुसुमलता : बाईजी.

झुंबरलाल : आणि मी स्थानकात सांगतोय, सासू असावी तर अशी.

राजकुंवर : मी म्हटलं होतं, सांगत फिरू नका म्हणून.

कुसुमलता : मग मी जात नाही, बाईजी. तुम्हाला नको असेल तर संपलं. रूपचंददादाला आजच तार करू.

राजकुंवर : थांब. माझं पुरं ऐक. मला वाटलं होतं, ही माझ्यासाठी चुकतेय. ह्या म्हातारीला सोडवत नाही म्हणून. खोटं कशाला सांगू, मनातून मला गोड वाटलं होतं. आता कळलं, तू महावीरचं नाव ऐकायला राहतेयस. अगं, ते नाव मीही ऐकते. त्यांनी हाक मारली की दर वेळी वाटतं, तो आत्ता दुकानातून येईल आणि आई, वाढ म्हणेल. नाही येत. मग मी मूग निवडते. माझं वय झालंय, माझे दिवस मूग निवडण्यात जातील. तू चोविशीची आहेस. हाक ऐकायला म्हणून कोणी जन्मभर दाराआड बसतं का?

कुसुमलता : मला दुसरं काही नको वाटतं, बाईजी.

राजकुंवर : आत्ता वाटत असेल. दुष्काळाच्या साली महावीरला कावीळ झाली, त्याच्या आधी तुला काय काय हवं वाटायचं, मला आठवतं. पेपरातली कोडी सोडवून त्याला दाखवायला पळायचीस. तो दुकानातून आला की आधी कोडं, मग चहा. मी चिडायचे. आता तसं काही तुझ्या तोंडावर दिसलं ते ह्या कोबोलच्या पुस्तकापायी. ती भांड्यांची गंमत तुला पहिल्यांदा सुचली, त्या दिवशी तू हसलीस. मी आतल्या आत घाबरले. म्हटलं, गेली ही हातची.

झुंबरलाल : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

राजकुंवर : तुम्ही मला पाच, तीन, एक विचारण्यापलीकडे काही विचारता का? कुसुम, इकडे बघ. मला तू जायला नको आहेस. आणि तू जा. दोन्ही खरं आहे, एकातलं एक निवडायला मला सांगू नकोस.

कुसुमलता : आणि गूळ?

राजकुंवर : तो आता तुझ्या पास होण्यावर लावते.

झुंबरलाल : असा अध्येमध्ये नियम फिरवता येतो का?

राजकुंवर : माझा गूळ आहे. तुम्ही तुमची दुकानदारी सांभाळा.

झुंबरलाल : कुसुम, महावीरच्या नावाचं म्हणालीस त्याचं मी काय करू शकतो? मी तुला दर आठवड्याला पत्र लिहीन. मला लिहायला सुचत नाही, चारच ओळी असतील. पण शेवटी लिहीन, महावीरच्या आईचा आशीर्वाद. तेवढं दर पत्रात येईल. चालेल?

कुसुमलता : चालेल, काकाजी.

राजकुंवर : चार ओळींत काय माझं मन मावणार? मी सांगेन ते लिहायचं. आणि तिथे त्या मुलींच्या वसतिगृहात दिवस बुडायच्या आत जेवायला देतात का, ते आधी विचारा. आठ वाजता जेवण वाढत असतील तर पोरगी रोज उपाशी झोपेल.

कुसुमलता : मी सकाळीच डबा भरून घेईन, बाईजी. ऑफिस सहाला सुटतं. उन्हाळ्यात पोहोचता येईल. हिवाळ्यात ऑफिसातच खाऊन घेईन.

राजकुंवर : बघा, सगळा विचार करून ठेवलाय. आणि म्हणे जायचं नव्हतं.

कुसुमलता : जायचं नव्हतं. पण मनात येत राहायचं.

झुंबरलाल : हां. आता ताटं घ्यायच्या आधी एकदा होऊन जाऊ दे. पहिल्यापासून, सरळ. आणि मुद्दाम चुकलीस तर मी ह्या वेळी वाटी वाजवीन.

कुसुमलता : नाही चुकणार. म्हणू?

झुंबरलाल : म्हण. मला सांग, मी ऐकतोय.

कुसुमलता : कोबोलचे चार खंड. आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा, प्रोसीजर. कार्डावर ऐंशी घरं. एक ते सहा ओळीचा क्रमांक, सात खुणेचं, आठ ते अकरा…

राजकुंवर : हळू म्हण गं जरा.

झुंबरलाल : आता तुला मधे काय झालं? ती बरोबर म्हणतेय.

राजकुंवर : बरोबरच म्हणतेय. पण मलाही पाठ करू दे. ती गेल्यावर संध्याकाळी तुम्ही आणि मी एकमेकांशी काय बोलणार?